शेऱ्याचा रकाना

१ जुलै १९५७, सोमवार

आज नोकरीला लागलो. पंचावन्न पुरी झाल्यावर माणूस नोकरीला लागतो, हे लिहितानाही हसू येतं. मार्चअखेर गोंदियाच्या मालधक्क्यावरून एकतीस वर्षांची रेल्वेची नोकरी संपवून निघालो, तेव्हा साहेबाने हार घातला, फोटो काढला आणि दुसऱ्याच दिवशी क्वार्टर रिकामं करण्याची नोटीस पाठवली. फंडाचे पैसे आले ते गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधायला काढलं त्यात घातले. भिंती दाराच्या चौकटीपर्यंत चढल्या आणि फंड संपला. सावित्री एका खोलीवर टिनाचे पत्रे टाकून तिथे राहते. मी इथे, अर्जुनी स्टेशनापासून अडीच कोस आत, एका खाजगी मिडल स्कूलच्या ऑफिसात हिशेब लिहायला आलो आहे. पगार साठ रुपये. धक्क्यावर माझ्या हाताखालचा कारकून याहून जास्त घ्यायचा.

शाळेचे सेक्रेटरी केवळरामजी. सरकारने जमीनदारी मोडली तशी मालगुजारी गेली, पण राइस मिल आहे आणि रुबाब आहे तसाच आहे. त्यांचा तांदूळ पंधरा वर्षं माझ्या धक्क्यावरून कलकत्त्याला गेला, म्हणून जुनी ओळख. म्हणाले, "फुंडेबाबू, शाळेला मास्तर तर कोणीही भेटते. हिशेबाला मात्र तुमच्यासारखा सच्चा माणूस पायजे. आप तो हमारा काम जानते हो."

कोणी तरी माझी किंमत ओळखली. रेल्वेने ओळखली नाही.

४ जुलै, गुरुवार

ऑफिस म्हणजे एक टेबल, एक लोखंडी पेटी आणि खिडकी. खिडकीतून शाळेच्या नव्या खोल्यांचं जोतं दिसतं. तीन वर्षांपूर्वी जोतं बांधलं, पुढे काही नाही. त्यावर गवत वाढलंय आणि हेडमास्तरांची शेळी चरते. चपराशी सुकराम म्हणाला, "बांधतेत ना बाबूजी. इमारत फंड जमा होऊन रायला." जमा होऊन राहिला असेल. मला त्या फंडाची वही दाखवलेली नाही. ती सेक्रेटरींच्या घरी असते.

माझ्याकडे पगारपत्रक आहे. सहा शिक्षक. आधीच्या कारकुनाची लिपी म्हणजे कोंबडीचे पाय. सरकारने एप्रिलपासून नवे पैसे काढले, तरी हा बुवा जूनपर्यंत आण्यात लिहितो. सगळं नव्याने उतरवायला घेतलं. प्रत्येक पानाला उजवीकडे शेऱ्याचा रकाना आखला. हेडमास्तर म्हणाले, त्याची इथे पद्धत नाही. म्हटलं, माझी आहे.

या रकान्याने मला एकतीस वर्षं तारलं. व्यापारी दोनशे पोती आणून डब्यात भरतो, मोजतो त्याचाच दिवाणजी. आपण बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडतो. बिल्टीवर "दोनशे पोती" एवढंच लिहिलं आणि पुढे एकशे सत्तर निघाली, की गळा आपला. म्हणून शेरा मारायचा: "मालवाल्याच्या सांगण्यावरून." झालं. पोती कमी निघोत की जास्त, रेल्वेला सुतक नाही. एकोणपन्नास साली केवळरामजींच्याच एका डब्यात तीस पोती कमी निघाली. कलकत्त्याचा व्यापारी बोंबलला, चौकशी झाली. माझ्या शेऱ्यावर बोट ठेवून साहेब म्हणाला, फुंडे स्वच्छ आहे. तो व्यापारी बुडाला, पण ते त्याचं नशीब. होळीला केवळरामजींकडून चिनोर तांदळाचं एक पोतं घरी आलं. ते सगळ्याच बाबूंकडे जायचं, त्याला लाच म्हणत नाहीत.

३ ऑगस्ट, शनिवार

पहिला पगार. इथली रीत न्यारी आहे. शिक्षकांनी शुक्रवारी ऑफिसात येऊन पत्रकावरच्या रेव्हेन्यू तिकिटावर सह्या करायच्या आणि शनिवारी मिलवर जाऊन सेक्रेटरींच्या हातून पैसे घ्यायचे. सही आधी, पैसा मागून. धक्क्यावर हमालसुद्धा असं करत नाही.

पैसे वाटताना मी नव्हतो. म्हणून सहाही नावांपुढे शेरा मारला: "रक्कम पोचली, सेक्रेटरींच्या सांगण्यावरून." केवळरामजींनी पत्रक पाहिलं. मला वाटलं रागावतील. ते तर खूश झाले, पाठ थोपटली. "वा फुंडेबाबू! यालेच म्हनतेत रेल्वेचा माणूस."

संध्याकाळी तळ्याच्या पाळीवर सुकराम भेटला. हळूच म्हणाला, "ऐंशीवर सही अन् पन्नास हातात. बाकी इमारत फंडात, स्वखुशीनं." मी म्हटलं, तू पाहिलंस का मोजताना? तो म्हणाला, नाही. मग गप्प बस म्हटलं. ऐकीव गोष्टीवर हिशेब होत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

सुशीलाबाई ऑफिसात आल्या होत्या. मुलींच्या वर्गाला शिकवतात. नवरा सहा वर्षांमागे सापाने गेला. एकच मुलगी, शामकला, गोंदियाला वसतिगृहात राहून शिकते. बाई एरवी दबकत बोलणाऱ्या, आज मात्र सरळ खुर्चीवर बसल्या.

"बाबूजी, वसतिगृहाचे चौवीस रुपये झाले आता. पन्नासात मी का खाऊ अन् का पाठवू? यंदा नाही भरले तर पोरगी घरी आणा म्हनून चिठ्ठी आली."

मी म्हटलं, पत्रकात तर तुमचा पगार ऐंशी आहे.

"तेच तर सांगून रायली ना जी. आमाले तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. तुम्ही लिहिनारे. तुमच्या हातात काही नाही का?"

कटकट नको म्हणून मी त्यांना माझा शेरा दाखवला. त्याचा अर्थ समजावला, की पैसे पोचले हे मी पाहिलेलं नाही, फक्त सेक्रेटरी सांगतात तसं लिहिलं. बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग माझ्याकडे असं पाहिलं, की मालधक्क्यावर एकतीस वर्षांत माझ्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं. "मंजे तुम्हाले माहीत आहे. तुम्ही लिहून ठेवून रायले. देवमानूस आहा."

मी नाही म्हणालो नाही. कशाला म्हणू? कौतुक कोणाला नको असतं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी चार दिवसांवर. केवळरामजी मुलीच्या सोयरिकीसाठी नागपूरला गेले. जाताना दिवाणजीबरोबर पगाराची सहा पाकिटं पाठवली, लाखेचं सील लावलेली, वर नाव आणि रक्कम. निरोप असा, की यंदा फुंडेबाबूंनी वाटावीत.

पाच जण पाकीट घेऊन, कपाळाला लावून, मुकाट निघून गेले. सुशीलाबाईंनी मात्र माझ्यासमोरच सील फोडलं आणि टेबलावर नोटा मांडल्या. दहाच्या पाच. पाकिटावर ऐंशी लिहिलेले.

"मोजा जी."

मी म्हटलं, "बाई, सीलबंद माल मोजायचा आमचा कायदा नाही."

"आता सीलबंद कुठं आहे? उघडाच तर आहे तुमच्या पुढ्यात."

मी खिडकीकडे पाहिलं. जोत्यावर शेळी होती. बाईंनी नोटा पदरात बांधल्या आणि त्या गेल्या.

मग शेऱ्याच्या रकान्याशी बराच वेळ बसलो. पैसे वाटले मीच, तेव्हा "सांगण्यावरून" कसं लिहू? पण नीट विचार केला तर मी पाकिटं वाटली, पैसे नव्हे. आतला माल भरणाऱ्याचा. रेल्वेचा नियम स्पष्ट आहे. नेहमीचाच शेरा मारला. कागदाच्या दृष्टीने त्यात खोट नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार, फुलचूर

दिवाळीला घरी. सावित्रीने उघड्या भिंतींत पणत्या लावल्या होत्या. शेजारीण म्हणाली, बाई, तुमचं घर तर चांदण्याचं आहे. सावित्री हसली, मग माझं ताट वाढून चुलीकडे तोंड करून बसली.

तिला शाळेतली गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही पाच नोटा पाह्यल्या ना? मंग तसं लिहून टाका. त्यात का कठीण आहे?" बायकांना ऑफिसचं काम समजत नाही. ती पुढे म्हणाली, "अन् नसन लिहाचं तर त्या बाईले तसं सांगून तरी टाका. आशेवर काऊन ठेवता?"

मी विषय बदलला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

धानाची कापणी सुरू आहे. मंडईच्या जत्रांचे दिवस, गावोगाव रात्री दंडारीची नाटकं. मास्तर लोकसुद्धा वर्गात जांभया देतात. मीही काल दंडार पाहायला गेलो होतो.

आज सुशीलाबाई आल्या, दार लोटून घेतलं. त्यांनी शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टरकडे अर्ज केला. नक्कल मला वाचायला दिली. अक्षर सुंदर आहे. त्यात लिहिलंय, "माझे म्हणण्यास कार्यालयातील पगारपत्रकातील शेऱ्याचा पुरावा आहे, व दिवाळीचा पगार श्री. फुंडे यांचे समक्ष मोजला आहे."

मी म्हटलं, "मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तं तुम्ही नाही म्हटलं असतं का?"

मी म्हणालो, अर्ज चांगला लिहिला आहे. बाई आनंदाने गेल्या. शामकलाचे पैसे कोणाकडून तरी उसने आणून फेब्रुवारीपर्यंत भरलेत, म्हणाल्या. पूर्ण पगार सुरू झाला की फेडणार.

८ डिसेंबर, रविवार, फुलचूर

घरी आलो तर अंगणात छतासाठी गाडीभर सागाच्या बल्ल्या आणि फाटे उतरलेले. वर तीन हजार कवेलू, म्हणजे कौलं. केवळरामजींच्या गाड्या रात्री येऊन टाकून गेल्या. गेल्या आठवड्यात मिलवर ते सहज बोलले होते, "घरावर छत नाही म्हनते, बाबू? आमाले सांगाचं ना." मी किंमत विचारली. "देखेंगे बाद में. शाळेच्या नव्या खोल्यांसाठी आनलं होतं, त्यातलं उरलं ते पडून आहे." उरलेलं लाकूड सडण्यापेक्षा कोणाच्या कामी आलेलं बरं. मी पैसे देणारच आहे. भेट घेतलेली नाही.

त्यांनी अर्जाबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांना ठाऊकच नसावं. तेव्हा या गोष्टीचा त्या गोष्टीशी संबंध जोडणं म्हणजे चोराच्या मनात चांदणं.

सावित्रीला आनंद होईल वाटलं होतं. तिने लाकडावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे कायचं?" मी म्हटलं, साग. ती म्हणाली, "ते दिसते मले."

१६ जानेवारी १९५८, गुरुवार

इन्स्पेक्टर आले होते. सकाळपासून शाळा सारवलेली, पोरं तेल लावून बसवलेली. जेवण केवळरामजींकडे. तीन वाजता ऑफिसात बसले. शिक्षकांना एकेक करून बोलावलं.

पाचही जणांनी एकच उत्तर दिलं: पूर्ण पगार मिळतो, देणगी स्वखुशीची. एकाची तर बायको बाळंतपणात आहे, त्याने खाली पाहून सांगितलं. सुशीलाबाईंनी मात्र मान वर करून सांगितलं, ऐंशीवर सही, हाती पन्नास. आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

इन्स्पेक्टरांनी पत्रक उघडलं. "फुंडे, हा काय शेरा आहे?"

मी नियम सांगितला. रक्कम माझ्या हातून दिली जात नाही, म्हणून जबाबदारी माझी नाही, एवढाच अर्थ.

"म्हणजे पैसे कमी दिले जातात असं तुमचं म्हणणं आहे?"

"तसं माझं म्हणणं नाही साहेब. पूर्ण दिले असंही नाही. मी मोजलेले नाहीत."

"दिवाळीचा पगार तुम्ही वाटला, असं बाई म्हणतात."

"पाकिटं वाटली साहेब. सीलबंद होती."

"बाईंनी तुमच्यासमोर उघडलं म्हणे. किती होते?"

केवळरामजी दारात पान लावत होते. माझ्याकडे पाहत नव्हते. बाई पाहत होत्या. त्या घाबरलेल्या नव्हत्या, मला ते आताही दिसतंय. त्यांना खात्री होती.

मी म्हणालो, "मी पाहिलं नाही, साहेब. माझं लक्ष खिडकीकडे होतं."

इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं. "पुरावा नाही," म्हणाले, आणि बाईंना जायला सांगितलं. त्या पदर सावरून निघून गेल्या. बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं.

साहेब निघताना मला म्हणाले, "तुमचं रेकॉर्ड मात्र नमुनेदार आहे."

१९ जानेवारी, रविवार

या डायरीचं ऑक्टोबरचं पान उघडलं. तिथे माझ्याच हाताने लिहिलंय: दहाच्या पाच. फाडून टाकावं असं मनात आलं. पण त्याच्या मागच्या बाजूला घराच्या लाकडाची मापं टिपलेली आहेत आणि सुतार बुधवारी येणार आहे. पान तसंच ठेवलं.

मी खोटं बोललो का? लक्ष खिडकीकडे होतं, हे खरंच आहे. आधी नोटा पाहिल्या, मग खिडकी. साहेबाने आधी काय पाहिलं ते विचारलं नाही.

असं लिहिलं की वाचायला बरं वाटतं. झोप मात्र तीन दिवस नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

संस्थेचा ठराव झाला. "खोटी तक्रार करून शाळेची बदनामी केल्याबद्दल" सुशीलाबाईंना महिन्याची नोटीस. ठरावाची स्वच्छ प्रत मी काढली, अक्षर चांगलं म्हणून. मी केवळरामजींना म्हटलं, बाई विधवा आहे, एक वेळ समज देऊन सोडा. ते हसले. "तुम्ही तर साक्ष दिली बाबू, की तुम्ही पाह्यलंच नाही. मंग तक्रार खोटीच की नाही? मी तुमच्याच भरोशावर केलं."

त्यांचं गणित बरोबर आहे. मला त्यात चूक काढता आली नाही, याचाच संताप आला.

शिवाय नवा हुकूम. यापुढे पैसे ऑफिसातच वाटायचे, मी वाटायचे, आणि शेरा "माझे समक्ष पूर्ण रक्कम दिली" असाच मारायचा. खाली सही माझी. मी म्हटलं, आणि रक्कम? ते म्हणाले, "रक्कम नेहमीचीच."

राजीनामा लिहायला बसलो. पहिली ओळ लिहिली. घराचे फाटे चढलेत, कवेलू अर्धे झालेत. कागद पेटीत टाकला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुकराम आता मला बाबूजी म्हणत नाही. काही विचारलं की "हो" किंवा "नाही" म्हणतो. पाण्याचा गडू आणून ठेवतो, तोही दाराजवळ. मास्तर लोक मात्र फार गोड बोलतात. त्यांना वाटतं मी सेक्रेटरींचा माणूस. सुशीलाबाई रोज वेळेवर येतात, शेवटच्या तासापर्यंत शिकवतात. मुलींना पाढे म्हणायला लावलेला आवाज ऑफिसात येतो. मी खिडकी लावून घेतो.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पगार वाटला. पाच जणांना पन्नास-पन्नास दिले आणि पाच नावांपुढे लिहिलं: "माझे समक्ष पूर्ण रक्कम दिली." एकतीस वर्षं जे कधी लिहिलं नव्हतं ते पाच वेळा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. बिघडेल असं वाटलं होतं.

सुशीलाबाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांच्या पाकिटात मी सकाळीच माझ्या पगारातले तीस रुपये घातले होते. काल रात्री ठरवलं होतं. वाटलं, निदान एका माणसाचं तरी नीट करावं.

त्यांनी पाकीट उघडलं, मोजलं. आठ नोटा. पुन्हा मोजल्या.

"हे वरचे तीस कोनाचे?"

"माझे."

मला वाटलं त्या तोंडावर फेकतील. फेकाव्यात अशी माझी इच्छा होती, आता लिहायला लाज कसली. त्यांनी नोटा नीट जुळवल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या. "शामकलाले आनाले जातो उद्या. गाडीभाडं लागते, अन् उसने आणले ते देनं आहे." शाळा सुटली का तिची, असं मी विचारलं नाही. दिसतच होतं.

मग त्यांनी पत्रक आपल्याकडे ओढून घेतलं. सहीच्या तिकिटापुढची रक्कम वाचली, त्यांच्या नावापुढेही तोच शेरा मी आधीच मारून ठेवला होता, तो बोट फिरवून वाचला. ऐंशी रुपये, समक्ष, पूर्ण.

"आता तुमचा कागद खरा झाला, बाबूजी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, वर्गात बोलतात तसंच बोलल्या. "ऐंशी लिहिले, ऐंशी देले. मीच खोटी झाली."

आणि त्यांनी सही केली.